दशमीचा दूधपाक

मांजलपूर, बडोदे
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

ती. सौ. दुर्गावन्सं यांना राजेश्वरीचा नमस्कार.

मंगळवारी सकाळी मला जाग आली तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. आधी पिण्याचं भरलं, मग बादल्या. रात्री शेगडी पुसायची राहिली होती, ती पुसली. खालच्या मजल्यावरून दोडकी आली होती, त्यांची भाजी केली. शिरांची चटणी करावी म्हणून त्या बाजूला काढल्या, मग आळस केला आणि वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवल्या. पोळ्या केल्या, डबा भरला. देवापुढे दिवा लावला. ह्यांच्या फोटोच्या काचेवर बोटांचे ठसे दिसले, तेही पदराने पुसले. मग कुलूप लावून जिना उतरले आणि कोपऱ्यावर कांचनची वाट बघत उभी राहिले. कांचन म्हणजे आमच्या ऑफिसातली मुलगी, रोज मला स्कूटरवरून नेते.

इतकीच ती सकाळ. तिच्यात वेगळं असं काही नव्हतं, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे. पण ते एका दमात लिहवत नाही, म्हणून जरा वळसा घेऊन येते.

तुमचा गुडघा कसा आहे? गोविंदरावांना म्हणावं, पितृपक्षात चार घरची जेवणं होतात, साखरेची गोळी चुकवू नका. सोहमने मंगळवारची दुपार माझ्यामुळे ताटकळत काढली, त्याला माझ्याकडून सांगा की मामी बोलणी खाईल, पण समोर आल्यावर. हे पत्र आमच्या सोसायटीतले भास्करराव आणून देतील. ते रोज तुमच्या सावली गावातल्या कारखान्यात जातात. पत्र का, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही अर्ध्यातच रडायला लागता, मग मी रडते, आणि सांगायचं ते दोघींच्या मधेच कुठेतरी राहतं. आजवर असंच झालं आहे.

मंगळवारी फोनवर मी तुम्हाला म्हटलं की साहेबांनी सोडलं नाही. त्यावर तुम्ही जे बोललात ते अजून माझ्या कानात आहे. "माणूस आहे की कोण? स्वतःच्या बापाला तरी पाणी देतो का?" आणि सोमवारी येऊन त्यांना जाब विचारणार आहात, आणि त्याच फेरीत माझं सामान बांधायला घेणार आहात, असंही म्हणालात. तुम्ही बोलता ते करता, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुम्ही एसटीत बसायच्या आधी हे तुमच्या हातात पडायला हवं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुम्ही दरवेळी विचारता, "त्या पडद्यावर बसून पत्र्याचे डबे काढतेस म्हणे?" आणि मी हसण्यावारी नेते. ते थोडंफार खरंच आहे. मोठ्या इमारतीत थंड हवा खेळवायला छताखालून पत्र्याचे चौकोनी बोगदे नेतात, त्यांना डक्ट म्हणतात. हल्ली इमारत बांधून व्हायच्या आधीच ती अख्खी संगणकात उभी करतात. खांब, तुळया, पाण्याचे पाइप, विजेच्या तारा, सगळं जिथल्या तिथे. त्याला मॉडेल म्हणतात. मी त्या मॉडेलमध्ये हिंडते, अक्षरशः बोळाबोळातून हिंडल्यासारखं, आणि डक्ट कुठून जाईल ते बघते. मग लांब डक्टचे, कारखान्यातल्या यंत्राला झेपतील असे तुकडे पाडते, त्यांना नंबर देते आणि एकेका तुकड्याचं ड्रॉइंग करते. पत्रा कुठे कापायचा, कुठे दुमडायचा, कुठे जोडायचा. मिठाईचा खोका उलगडून सपाट केला की कसा दिसतो, तसं ते दिसतं. कारखान्यातले लोक त्यावरून पत्रा कापतात. एकदा कापला की कापला.

मला साहेबांनी, म्हणजे पीयूषभाईंनी, ठेवलं होतं ते प्रिंट काढून घड्या घालायला. मी दहावी पास, त्यापलीकडे माझं शिक्षण काय ते तुम्हाला माहीत आहे. पण ह्यांनी मला वाचायची खोड लावली होती. प्रतापनगरहून कामावरून येताना रेल्वेच्या लायब्ररीतलं पुस्तक आणायचे आणि आधी स्वतः न वाचता मला द्यायचे. म्हणायचे, तू वाच आणि मला थोडक्यात सांग. आळशी होते, दुसरं काय. त्या सवयीने मी घड्या घालता घालता ड्रॉइंगवरची बारीक इंग्रजी वाचायला लागले. मग ह्या सॉफ्टवेअरचं जाडजूड पुस्तक घरी आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. अडेल ते कांचनने शिकवलं. ती मला मावशी म्हणते आणि माझ्यावर ओरडते.

तर मंगळवारी तिने ओरडावं असंच माझ्या हातून झालेलं होतं. आणंदकडे एक नवा दवाखाना होतो आहे. त्याच्या एका लांब बोळाचं काम माझ्याकडे होतं. थंड हवेच्या डक्टला बाहेरून जाड आवरण गुंडाळावं लागतं, नाहीतर पत्र्याला घाम सुटतो आणि खाली पाणी टपकतं. आम्ही दोघी त्याला गोधडी म्हणतो. सांधे नीट दिसावेत म्हणून मी मॉडेलमधली गोधडी लपवली होती. तशी सोय आहे. ती काढून टाकलेली नसते, फक्त दिसेनाशी होते. सोमवारी काम संपल्यावर ती पुन्हा दिसती करायला मी विसरले. तशीच तपासणी लावली. कुठे काही अडत नाही असं उत्तर आलं, आणि मी ड्रॉइंगं कारखान्यात पाठवून दिली. मंगळवारी कांचनने मॉडेल उघडलं, सगळं दिसतं केलं, आणि खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "मावशी, दवाखान्याला थंडी वाजेल. गोधडी तुळईत शिरली आहे."

खरंच शिरली होती. नुसती डक्ट तुळईखालून जेमतेम जात होती, गोधडीला बोटभरही जागा नव्हती. अख्ख्या बोळात. पीयूषभाई तेव्हा बाहेर पडायच्या घाईत होते. त्यांनी उभ्याउभ्याच कारखान्यात फोन लावला. यंत्र दुसऱ्या कामात अडकलेलं होतं, आमचा पत्रा अजून कापला नव्हता. मला एवढंच म्हणाले, आजच्या आज बदलून द्या, आणि मी दुपारपर्यंत येतो.

वन्सं, ते कुठे गेले होते ते आता सांगते. घरी गेले होते. त्यांच्या वडिलांची तिथी दशमीच.

म्हणजे तुम्ही विचारलंत ना, बापाला पाणी देतो का? त्याच दिवशी, त्याच वेळी देत होता.

दुपारी ते परत आले ते हातात स्टीलची बरणी घेऊन. कपाळाला गंध होतं. सगळ्यांच्या टेबलावर फिरून त्यांनी स्वतः वाट्या भरल्या. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "राजेश्वरीबेन, बापुजीनो दूधपाक छे. ना न पाडता." मी ना कशाला म्हणते. वेलची, चारोळी, मस्त आटवलेला. मी खाल्ला. वाटी पुढे करून आणखी घेतला. कांचन म्हणालीसुद्धा की मावशीने आज डब्याला हात लावला नाही, दूधपाकावरच ताव मारला. आणि वाटी धुऊन मी परत बोळात शिरले.

आपल्या घरी श्राद्धाला खीर नसते, दूधपाक असतो. सासूबाई घडियाळी पोळच्या गल्लीत शेजारच्या बेनकडून शिकल्या, आणि ह्यांना लहानपणापासून तोच आवडायचा, म्हणून तुम्ही दरवर्षी ह्यांच्या पानावर तोच वाढता. त्या वेळी सावलीला तुमच्या घरी पान वाढलेलं होतं, गुरुजी घड्याळाकडे बघत होते, सोहम सोवळ्यात बसून होता, वड्यांचं पीठ माझ्यासाठी झाकून ठेवलेलं होतं. आणि मी बडोद्यात दुसऱ्याच्या वडिलांच्या श्राद्धाचा दूधपाक मागून घेऊन खात होते. तोंडात तीच चव होती, तरी मला आठवलं नाही.

मला कोणी अडवलं नव्हतं. मी रजा मागितलीच नव्हती. मागितली असती तर त्या माणसाने हात जोडून दिली असती. मी विसरले, वन्सं. सकाळी पाणी भरताना विसरलेली होते, फोटो पुसताना विसरलेली होते. रविवारी माझ्या लक्षात होतं, बसची वेळही बघून ठेवली होती. सोमवारी तो बोळ डोक्यात घेऊन घरी आले आणि मग मंगळवार हा नुसता मंगळवार झाला.

कारण म्हणून हे सांगत नाही. पण दुपारनंतरचं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, म्हणून ऐका. तुळईखाली डक्ट चपटी करायची आणि तेवढी रुंद करायची, म्हणजे हवा तितकीच जाते आणि वर गोधडीला जागा होते. हे सुचायला वेळ लागत नाही. पण रुंद केली की शेजारचा सांडपाण्याचा पाइप आड येतो. पाइप हलवता येत नाही, त्याला उतार लागतो. मग डक्ट तुळईच्या आधीच थोडी बाजूला सरकवायची, म्हणजे उंच तुकड्यातून चपट्या तुकड्यात नेणारा जो मधला तुकडा असतो, तो एका अंगाने तिरका होतो. तो उलगडून सपाट कसा दिसेल हे मी आधी कागदाचा तुकडा करून बघितलं, कात्रीने कापून. मग मॉडेलमध्ये केला. गोधडीसकट सगळं दिसतं ठेवून तपासणी लावली. कुठे काही अडलं नाही. मी पुन्हा लावली. पुन्हा नाही. मग एकेक ड्रॉइंग नव्याने काढत गेले आणि शेवटचं गेलं तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागले होते. कांचनने टाळी द्यायला हात पुढे केला. मी दिली.

ती तिचं टेबल आवरेपर्यंत मी पर्समधून फोन काढला. सकाळपासून आवाज बंद होता, तो मीच केलेला. तुमचे इतके फोन येऊन गेलेले बघितले. पहिला विचार काय आला सांगू? कोण गेलं? गोविंदरावांना काही झालं का? मी घाबरत लावला, आणि तुम्ही म्हणालात, "राजेश्वरी, अगं लक्ष्मणाचं पान आहे आज."

तेव्हा तोंडातून खोटं निघालं. ते मी ठरवून बोलले नाही, पण परतही घेतलं नाही. तुम्ही पीयूषभाईंना नावं ठेवत होतात आणि ते पलीकडे बरणी धूत होते.

घरी येऊन मी ह्यांच्या फोटोसमोर बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आधी लाज वाटली, मग तुमची भीती वाटली. मग काय वाटलं ते लिहायला मी तीनदा कागद बदलला आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. चार वर्षांत असा एकही दिवस नव्हता, वन्सं. भाजी घेताना हे असतात, कारलं नको म्हणतात. गादीची ती बाजू असते. त्यांची स्कूटर विकली, पण तिचा आवाज सोसायटीत कोणाच्या तरी स्कूटरला येतोच. दवाखान्यातले शेवटचे महिने तर मी न बोलावताच येतात. मी ह्याची तक्रार कधी केली नाही, कारण तेवढंच त्यांचं माझ्याकडे उरलं आहे असं मला वाटायचं. पण त्या मॉडेलमध्ये हे कधी आलेच नव्हते. हे असताना मला ते ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं. तिथे मी एकटीच हिंडते, आणि तिथे मला एकटं वाटत नाही. मंगळवारी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे होते. हे गेले आहेत, हेच मी दिवसभर विसरले होते. ह्यांना विसरले असं मात्र नाही. रात्री फोटोकडे बघताना मला दवाखान्यातला चेहरा आठवला नाही. पुस्तक माझ्या हातात देऊन "थोडक्यात सांग" म्हणणारे हे आठवले. कितीतरी दिवसांनी.

तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल. तुमचा धाकटा भाऊ तो, तुम्ही त्याला कडेवर घेऊन पोळमधून फिरवलेलं आहे, आणि मी बायको असून त्याचं पान चुकवलं. तुम्ही मला बोला. मी ऐकून घेईन. तुम्ही बोललात तर बरंच वाटेल, कारण न बोलता तुम्ही पानावरून उठता तेव्हा मला जास्त भीती वाटते. पण बोलायचं ते मला बोला, त्या माणसाला नको.

पीयूषभाईंना मी सगळं सांगितलं आहे. त्यांच्या नावावर खोटं बोलले, आणि तुम्ही त्यांना काय काय म्हटलंत, तेही. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बेन, तमारां नणंद आवे ने, तो मने पहेलां फोन करजो. हुं साइट पर जतो रहीश." तुम्ही यायच्या आधी ते पळून जाणार आहेत, म्हणून कळवा म्हणतात. कांचन खुर्चीतून पडायचीच बाकी होती. मीही हसले. पितृपक्षात हसले म्हणून माफ करा.

रविवारी सर्वपित्री आहे. चुकलेल्यांचं त्या दिवशी करतात, तसं चुकवणाऱ्यांनाही चालत असेल असं मी धरून चालले आहे. मी पहाटेच्या बसने निघते. वड्यांचं पीठ ह्या वेळी मी इथूनच घेऊन येते. दूधपाक मात्र तुम्हीच करा, आणि मला वाढा. सोहमला म्हणावं स्टँडवर यायची गरज नाही, मी चालत येईन.

आता जे उरलं आहे ते. मागची खोली तुम्ही माझ्यासाठी रंगवून घेतलीत. खिडकीला जाळी लावलीत, माझी पुस्तकं ठेवायला फळी ठोकून घेतलीत. दिवाळीनंतर मी तिथे यायचं असं आपलं ठरलं होतं. म्हणजे तुम्ही म्हणालात आणि मी नाही म्हटलं नाही. एकटी बाई, कशाला तिथे राहायचं, असं तुम्ही म्हणता ते मायेने म्हणता. माझ्या माहेरीही मला कोणी अशी खोली करून ठेवली नसती. त्या खोलीत मी येईन, सुट्टीला येईन, आजारी पडले तर हक्काने येऊन पडेन. फळी रिकामी ठेवू नका, थोडी पुस्तकं रविवारी घेऊन येते.

गणपतीपासून पीयूषभाई मला विचारत होते की दिवाळीनंतरच्या नव्या कामाला मी आहे का. मोठी इमारत आहे, सगळे मजले. मी दर वेळी "बघते" म्हणायचे, कारण तुमची खोली डोळ्यासमोर यायची आणि तुम्हाला नाही कसं म्हणायचं ते मला कळायचं नाही. अजूनही नीट कळलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी कामावर गेले आणि पीयूषभाईंना सांगितलं की दिवाळीनंतरही मी इथेच आहे.

तुमच्या लक्ष्मणाची, आणि तुमचीही,
राजेश्वरी